कार्डाची मुदत संपली, निर्णय आलेला नाही: जर्मनीतल्या एका मराठी कुटुंबाचं प्रकरण

चिंचवडचं हे कुटुंब 2021च्या शरद ऋतूपासून दक्षिण जर्मनीतल्या एका शहरात राहतं. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या रहिवास परवान्यावर, आलेला. बायको मायक्रोबायोलॉजी शिकलेली, इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्धवेळ काम करते. मुलगी सात वर्षांची. 2024 मध्ये नवऱ्याला कायमचा रहिवास परवाना मिळाला; ब्लू कार्डवाल्याला तो 27 महिन्यांच्या नोकरीनंतर मागता येतो, आणि जर्मन भाषा बी-1, म्हणजे मध्यम पातळीची, येत असेल तर 21 महिन्यांनीच. आई आणि मुलीचे परवाने मात्र कुटुंबीय म्हणून दिलेले, ठरावीक मुदतीचे. दोघींच्या कार्डांवर एकच तारीख छापलेली होती, 30 जून 2025.

मी वकील नाही. इथल्या मराठी घरांना कागदपत्रांत जमेल तशी मदत करतो, आणि तेवढ्या ओळखीवर ही माणसं माझ्याकडे आली. नावं, शहर, कंपनी यांतलं काहीही मी देणार नाही. नवरा-बायको दोघांनीही हे लिहायला आनंदाने होकार दिला. अडीच लाखांहून जास्त भारतीय आज जर्मनीत आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांत या क्षणी कुणीतरी टपालपेटी उघडून बघत असेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या प्रकरणात कायदा पहिल्या दिवसापासून ताईंच्या, म्हणजे या घरातल्या आईच्या, बाजूने होता. पण तो ज्यांना दिसायला हवा होता, म्हणजे नोकरी देणारी लॅब, विमानतळावरचा काउंटर, बालभत्ता देणारं खातं, त्यांतल्या कुणालाच तो आपोआप दिसत नव्हता. सहा महिन्यांची सगळी मेहनत त्याला कागदावर आणून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवण्यात गेली.

आधी पासपोर्ट

मार्चमध्ये ताई पहिल्यांदा विचारायला आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे परवाना मागितलाच नाही, दोघींचे पासपोर्ट मागितले. ताईंचा पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, दहा वर्षं भरत आलेली. मुलीचा पाच वर्षांचा, 2026 मध्ये संपणारा. इथली परदेशी नागरिकांचे परवाने देणारी कार्यालयं पासपोर्टच्या मुदतीपलीकडे परवाना देत नाहीत. जुन्या पासपोर्टांवर अर्ज केला असता, तर इतकी वाट बघून हातात जेमतेम काही महिन्यांचं कार्ड पडलं असतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आधी भारतीय वकिलातीत दोन्ही पासपोर्टांचं नूतनीकरण. नवे पासपोर्ट एप्रिलच्या शेवटी आले, जुने रद्दचा शिक्का बसून परत मिळाले. जुने जपून ठेवा म्हणून सांगितलं, कारण पहिला व्हिसा आणि पहिल्या प्रवेशाचा शिक्का त्यांतच असतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात दोघींचे दोन वेगळे अर्ज शहराच्या पोर्टलवरून भरले. सोबत पासपोर्टच्या प्रती, भाडेकरार, आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या शेवटच्या तीन पगारपावत्या, त्याच्या कंपनीचं पत्र, ताईंचा नोकरीचा करार, मुलीच्या शाळेचा दाखला. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर अर्ज पोचल्याची पावती येते, तारीख आणि प्रकरण क्रमांकासकट. ती त्याच क्षणी उतरवून घेतली, छापली आणि दोघींच्या फायलींत सर्वांत वर लावली.

या पावतीचा मी इतका आग्रह का धरतो ते कलम 81 मध्ये आहे. जर्मन रहिवास कायद्याच्या या कलमाचं चौथं पोटकलम सांगतं की चालू परवान्याची मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरलं जातं. आपोआप. त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही, की कुणी मेहरबानी करावी लागत नाही. जुन्या परवान्यावर जे हक्क होते, राहायचा, नोकरीचा, ते सगळे तसेच पुढे. पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: अर्ज मुदतीच्या आत पोचला हे दाखवता आलं पाहिजे. मुदत उलटून एक दिवस जरी गेला तरी हे संरक्षण आपोआप मिळत नाही. मग ते द्यायचं की नाही हे कार्यालय ठरवतं, आणि तेही विशेष अडचण असेल तरच. ज्या शहरात पोर्टल नाही तिथे रजिस्टर पोस्टाने पाठवा, कार्यालयाच्या पेटीत साक्षीदारासमोर टाका, काहीही करा, पण तारखेचा पुरावा ठेवा. टर्मिन, म्हणजे कार्यालयातली भेटीची वेळ, मिळत नाही म्हणून अर्जच न करता थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. टर्मिन वेगळी आणि अर्ज वेगळा.

लॅबचं पत्र

जूनच्या मध्यापर्यंत कार्यालयाकडून एक शब्द नव्हता. पत्र आलं ते लॅबच्या एचआरकडून. 30 जूनपर्यंत वैध परवान्याची प्रत द्यावी, न दिल्यास 1 जुलैपासून कामावर घेता येणार नाही, बिनपगारी घरी बसावं लागेल.

ताई रडवेल्या झाल्या होत्या. "दादा, दोन वर्षं एक दिवस उशिरा गेले नाही मी. आणि एका कार्डासाठी घरी बसायचं?"

लॅबवर रागावण्यात मला अर्थ वाटला नाही. कायद्याने मालकाला परदेशी कर्मचाऱ्याचा परवाना तपासून त्याची प्रत नोकरी चालू असेपर्यंत ठेवावी लागते. परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर दंड पाच लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. एचआरमधल्या बाईंच्या संगणकात 30 जून ही तारीख लाल झाली होती आणि तिच्यापुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांची भीती खरी होती. ती कमी करायला फोन उपयोगाचा नसतो, कारण फोनवरचं बोलणं फायलीत लावता येत नाही.

आम्ही एक पानी पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात कलम 81, पोटकलम 4 चं मूळ जर्मन वाक्य, शब्द न बदलता. दुसऱ्यात ताईंची बाजू: परवाना 30 जूनपर्यंत, अर्ज मेमध्ये, प्रकरण क्रमांक अमुक. तिसऱ्यात विनंती: या आधारावर काम चालू ठेवू द्यावं, अधिकृत दाखला मिळताच सादर करू. सोबत पावती आणि जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत. कार्डावर नोकरीची मुभा असल्याचं वाक्य होतं, त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. विनवण्या नाहीत, घरची परिस्थिती नाही. एचआरने ते पत्र आपल्या वकिलाला दाखवलं आणि 31 जुलैपर्यंत मुदत दिली. तोवर दाखला आणा, म्हणाले.

हा दाखला म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. इथल्या मराठी घरांत त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे 'फिक्शनचा कागद' म्हणतात. जुना परवाना चालू आहे हे सांगणारा हा अधिकृत कागद, आणि तो द्यावा असं त्याच कलमाचं पाचवं पोटकलम सांगतं. फी 13 युरो. हा कागद हक्क देत नाही, तो मुळात असलेला हक्क दाखवतो. कागदाची मुदत संपली म्हणून हक्क संपत नाही. कागद निघायच्या आधीही हक्क असतोच. पण एचआर, बँक, विमान कंपनी यांना कागद लागतो.

आधीच्या दोन साध्या विनंत्यांना उत्तर आलं नव्हतं. या वेळी संपर्क फॉर्ममध्ये विषयाच्या जागी 'नोकरी जाण्याचा धोका, मुदत 31 जुलै' असं लिहिलं आणि लॅबचं पत्र जोडलं. काही दिवसांतच टर्मिन आली, जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. माझा अनुभव असा आहे की 'कृपया लवकर करा' या वाक्याला या कार्यालयांत वजन नसतं. सगळेच ते लिहितात. तिऱ्हाइताने लेखी दिलेली ठरावीक तारीख दाखवली, की समोरच्याला तुमची फाईल ढिगाऱ्यातून वर काढायला कारण मिळतं. तिथल्या माणसांवरचा ताणही मी डोळ्यांनी पाहतो. 2022 पासून युक्रेनमधून आलेल्या लोकांचे परवाने, जून 2024 मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आल्यावर वाढलेले अर्ज, आणि कर्मचारी तेवढेच किंवा कमी. म्हणून तिथे आवाज चढवून काही होत नाही.

तिसरी चौकट

फिक्शनच्या कागदावर आत तीन चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीत फुली मारलेली असते. फुली कुठे आहे यावर सगळं अवलंबून. तिसऱ्या चौकटीपुढे लिहिलेलं असतं की रहिवास परवाना चालू असल्याचं धरलं जातं, पोटकलम 4 नुसार. मुदतवाढीच्या अर्जाला ही लागते. बाकीच्या दोन पोटकलम 3 च्या आहेत. एक आहे ती परवाना नसताना कायदेशीर राहणाऱ्याने पहिल्यांदाच अर्ज केला तर, आणि दुसरी उशिरा केलेल्या अर्जासाठी, जिथे फक्त देशाबाहेर काढणं थांबवलेलं असतं. या दोन्हींवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही.

काउंटरवरून उठायच्या आधी कागद उघडून फुली बघा, असं मी ताईंना बजावलं होतं. त्यांच्या कागदावर ती बरोबर होती. मुलीच्या कागदावर दुसरीकडेच पडलेली. ताईंनी नम्रपणे विचारलं, "हिचाही परवाना होताच, तर हिची फुली माझ्यासारखीच हवी ना?" अधिकारी बाईंनी संगणकात पाहिलं, माफी मागितली आणि तिथेच नवा कागद काढून दिला. दोन मिनिटांचं काम. तेच घरी येऊन लक्षात आलं असतं तर नवी टर्मिन, नवी वाट. दोन्ही कागद जानेवारी 2026 पर्यंतचे होते.

लॅबला प्रत गेली, नोकरी राहिली. बालभत्त्याचा प्रश्न त्याहून सोपा निघाला. महिन्याचे 255 युरो ताईंच्या नावावर येत होते आणि त्या खात्यानेही वैध परवाना मागितला होता. फिक्शनचा कागद पाठवून वाट बघण्यापेक्षा नवरा-बायकोने लेखी देऊन भत्ता नवऱ्याच्या नावावर करून घेतला. त्याचा परवाना कायमचा, त्यामुळे पुन्हा कुणी तारीख विचारणार नाही. घरात एकाकडे कायमचा परवाना असेल तर हे आधीच करून टाकावं.

कराडला जायचं की नाही

जुलैच्या शेवटी कराडहून फोन आला. ताईंच्या वडिलांच्या अँजिओग्राफीत तीन ठिकाणी ब्लॉक निघाले होते, बायपास ठरली ऑगस्टमध्ये. भाऊ नाही, आई एकटी.

"दादा, जाताना कुणी अडवणार नाही, पण परत येऊ देतील ना? लेक इथे शाळेत आहे, हे इथे आहेत. मी तिथे अडकले तर?"

हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याच्यावर फार मोठी जबाबदारी येते. 'जाऊ नका' हे सांगणाऱ्यासाठी सुरक्षित उत्तर असतं, आणि आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी त्यांना तेच सांगितलं होतं. पण वडिलांची छाती उघडणार आहेत आणि मुलीने केवळ कागदाच्या भीतीने जर्मनीत बसून राहावं, हे कायद्याने मागितलेलं नाही. मग ते आपण का मागायचं? तिसऱ्या चौकटीत फुली असलेला कागद, मुदत संपलेलं मूळ कार्ड आणि चालू पासपोर्ट, या तिघांवर जर्मनीत परत येता येतं. शेंगेन, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या, सीमा संहितेत पहिल्यांदा केलेल्या अर्जावर निर्णय होईपर्यंत दिलेले तात्पुरते कागद रहिवास परवान्यांतून वगळले आहेत. मुदतवाढीच्या अर्जावरचा कागद त्या अपवादात बसत नाही. मी त्यांना जा म्हणालो.

तयारी मात्र कसून केली. तिकीट मुंबई–फ्रँकफर्ट थेट घेतलं. झुरिक, व्हिएन्ना किंवा ॲमस्टरडॅममार्गे आलं तर शेंगेनची तपासणी त्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर होते, आणि जर्मन कार्यालयाचा हा दुमडलेला कागद त्याने पाहिलेला असेलच असं नाही. दुबई-दोहामार्गे ती अडचण नसते, पण मुंबईतल्या काउंटरची असतेच. परतीची तारीख कागदाच्या मुदतीच्या बऱ्याच आत ठेवली. रहिवास कायद्याचं इंग्रजी भाषांतर जर्मन न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, त्यातलं कलम 81 छापून दोन प्रती हातातल्या पिशवीत ठेवल्या. नवऱ्याच्या कार्डाची प्रत, लॅबच्या रजेचं पत्र, शाळेचा दाखला. मुलीलाही न्यायचं ठरलं, कारण उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आजोबांना नात बघायची होती. सुट्टीबाहेर तिला नेता आलं नसतं. इथे शाळा बुडवून विमानात बसणाऱ्या मुलांची विमानतळावर पोलीससुद्धा चौकशी करतात.

बायपास सुखरूप झाली. गणपती 27 ऑगस्टला बसले आणि गौरी-गणपती उरकून मायलेकी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघाल्या.

मुंबईच्या काउंटरवर जे घडलं ते ताईंनी मला सविस्तर सांगितलं. तिथल्या मुलाने कार्ड हातात घेतलं, अंगठा तारखेवर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हे तर एक्स्पायर झालंय." ताईंनी फिक्शनचा कागद उघडून पुढे केला. त्याने तो उलटसुलट केला, त्यावर इंग्रजी शब्द शोधला, आणि तुम्हाला नवा व्हिसा लागेल असं सांगून टाकलं. मागे रांग वाढत होती. ताईंनी सुपरवायझरना बोलवायला सांगितलं आणि रांगेतून बाजूला झाल्या, पण काउंटर सोडला नाही. सुपरवायझर बाई आल्यावर ताईंनी इंग्रजी छापील पान काढलं, पोटकलम 4 वर बोट ठेवलं, मग कागदावरची तिसरी फुली दाखवली आणि शेजारी जुनं कार्ड ठेवलं. हीच तीन पावलं आम्ही घरी करून पाहिली होती. त्या बाईंनी टिमॅटिकमध्ये पाहिलं. विमान कंपन्या प्रवाशांचे कागद त्याच संगणक प्रणालीत ताडून बघतात. मग कुणाला तरी फोन केला. मग मुलीच्या कागदावर तेच सगळं पुन्हा. बोर्डिंग पास मिळाले तेव्हा काउंटर बंद होत आला होता. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी विमानतळावर नेहमीपेक्षा खूप आधी पोचावं, एवढंच यातून घ्यावं; घाबरून प्रवास सोडू नये.

फ्रँकफर्टला सीमा पोलिसाने कागद उघडला, चौकट पाहिली, मुलीला शाळा कधी सुरू होते ते विचारलं आणि शिक्का मारला. रोज असे कागद पाहणाऱ्याला एक नजर पुरते.

फाईल अडली कुठे होती

ताई कराडला असतानाच कार्यालयाचं पत्र टपालाने घरी आलं होतं. नवऱ्याच्या मागच्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या, कंपनीकडून खुलासा, आणि भाड्याचा चालू हिशेब चार आठवड्यांत पाठवा. तेव्हा कुठे कळलं की फाईल नुसती ढिगाऱ्यात नव्हती, तिच्यावर प्रश्नचिन्ह होतं.

2025 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गाडी उद्योगाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. या नवऱ्याच्या कंपनीत एप्रिलपासून कुर्त्सआर्बाइट लागलं होतं, म्हणजे कामाचे तास कमी आणि पगारही त्या प्रमाणात कमी. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के रक्कम सरकारी रोजगार विम्यातून मिळते. मेमध्ये जोडलेल्या तीन पावत्यांतली शेवटची एप्रिलची होती आणि तिच्यावर आकडा घसरलेला दिसत होता. तपासणाऱ्या माणसाने थांबून विचारलं, हे कुटुंब स्वतःच्या पायावर उभं आहे ना?

नवरा हादरला होता. सरकारी पैसे घेतले म्हणून आता बायकोचा परवाना नाकारतील, ही भीती त्याच्या मनात बसली होती, आणि ती बायकोला फोनवर सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. इथे कायदा शांतपणे वाचावा लागतो. कलम 2 चं तिसरं पोटकलम सांगतं की स्वतः भरलेल्या हप्त्यांतून मिळणारा लाभ हा उपजीविकेला बाधक सरकारी आधार नाही. कुर्त्सआर्बाइटचे पैसे त्याच प्रकारचे, बालभत्ताही त्यातून वगळलेला. पुढे कलम 30 चं तिसरं पोटकलम: नवरा-बायको एकत्र नांदत असतील तर उपजीविकेची अट पूर्ण होत नसली तरी जोडीदाराचा परवाना वाढवता येतो. मुलांसाठी कलम 34 तर आणखी भक्कम आहे. पहिल्यांदा येताना जेवढी कडक तपासणी असते तेवढी मुदतवाढीला कायद्याने ठेवलेलीच नाही. एकत्र संसार चालू असलेलं घर पगाराच्या एका पावतीवरून मोडू नये, असा या कलमांचा रोख आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

उत्तरात आम्ही कंपनीचं पत्र लावलं की कुर्त्सआर्बाइट तात्पुरतं आहे आणि नोकरीचा करार बिनमुदतीचा आहे. सहा पावत्या लावल्या. ताईंच्या लॅबच्या पावत्याही लावल्या, ज्या मेमध्ये कुणी मागितल्या नव्हत्या म्हणून दिल्या नव्हत्या. एका पानावर सरळ हिशेब मांडला: येणं किती, हीटिंगसकट भाडं किती, विमा किती, उरतं किती. खाली तिन्ही कलमांचा उल्लेख, प्रत्येकी एका ओळीत. मुदतीच्या आठवडाभर आधी ते पोर्टलवरून आणि टपालानेही गेलं.

पाच महिने झाल्यावर

ऑक्टोबर उजाडला तरी निर्णय नव्हता. जर्मन प्रशासकीय न्यायालय कायद्याच्या कलम 75 नुसार अर्जावर पुरेशा कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर थेट प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो. पहिल्या पायरीवर वकील लागलाच पाहिजे असं नाही. न्यायालयाची फी मात्र आधी भरावी लागते, अशा दाव्यात एका व्यक्तीची साधारण पाचशे युरोच्या घरात. निर्णयाची अपेक्षा रास्त होती असं ठरलं तर खर्च कार्यालयावर पडतो.

नवऱ्याला लगेच दावा लावायचा होता. मला ते पटलं नाही. नोकरी चालू होती, कागद जानेवारीपर्यंत होता, कार्यालयाने मागितलेली माहिती सप्टेंबरच्या तोंडावर पोचलेली. न्यायालयाने उशिराला पुरेसं कारण होतं असं धरण्याची शक्यता होती. त्याऐवजी एक साधं पत्र पाठवलं: माहिती अमुक तारखेला दिली, आणखी काही हवं असल्यास कळवावं, तीन आठवड्यांत निर्णय न झाल्यास कलम 75 नुसार पाऊल उचलावं लागेल. धमकीचा सूर नाही. ज्यांची नोकरी गेली आहे किंवा ज्यांना कागदच मिळालेला नाही त्यांना मात्र मी थांबायला सांगणार नाही. त्यांनी तीन महिने होताच वकील गाठावा.

नोव्हेंबरच्या मध्यावर दोघींना टर्मिन आली. परवाना मंजूर. ताईंची फी 93 युरो, मुलीची निम्मी, 46.50. मे 2025 पासून छापील फोटो चालत नाहीत, त्यामुळे फोटो कार्यालयातल्या यंत्रावर काढले. मुलगी सहाच्या पुढची, म्हणून तिचेही बोटांचे ठसे घेतले. कार्डं बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतात, डिसेंबरमध्ये आली. मुदत तीन वर्षं, नवे पासपोर्ट असल्यामुळे पूर्ण मिळाली. ताईंनी त्याच दिवशी लॅबला प्रत पाठवली. एचआरच्या बाईंनी उत्तरात लिहिलं की कलम 81 ची ती एक पानी माहिती त्यांनी आता इतर परदेशी कर्मचाऱ्यांच्या फायलींसाठीही ठेवली आहे.

ताईंचं लक्ष आता पुढच्या अर्जाकडे आहे. 2026च्या शरद ऋतूत त्यांना परवान्यावर पाच वर्षं पूर्ण होतील आणि रहिवास कायद्याच्या कलम 9 खाली कायमचा परवाना मागता येईल. पेन्शनचे 60 महिन्यांचे हप्ते नवऱ्याचे असले तरी चालतात, त्यामुळे अर्धवेळ नोकरीची अडचण नाही. बी-1 परीक्षेला त्यांनी नाव घातलं आहे. 'जर्मनीतलं जीवन' ही 33 प्रश्नांची चाचणीही द्यायची आहे, त्यातले 15 बरोबर आले की पुरे. लेक रोज संध्याकाळी आईची उजळणी घेते.